राखण कुणाची करायची? स्वतःच्या मनाची की शेजारच्या बाकाची?

टिळकवाडीकर

जय ख्रिस्त मंडळी.

उपवासकाळ आला की आमच्या तरुण संघात एक विषय ठरलेला असतो, शुद्धता. यंदाही मत्तय ५:२७-२८ वाचलं. कामेच्छेनं बघितलं की मनात व्यभिचार झालाच, असं प्रभू तिथं सांगतो. वाचन संपलं आणि अर्ध्या तासात चर्चा भलतीकडंच गेली. मुलींनी गॅदरिंगला काय घालावं, क्वायरमधल्या कुणाचं स्टेटस कसं असतं, कोण कुणाबरोबर दुसऱ्या रेल्वे गेटजवळ दिसली. वचन बघणाऱ्याला उद्देशून आहे. आम्ही बघणाऱ्याला सोडलं आणि जिच्याकडं बघितलं गेलं तिचा हिशेब मांडत बसलो. दोन मुली मध्येच उठून गेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत.

त्या रात्री मत्तयाचे पाच, सहा, सात असे तीन अध्याय सलग वाचून काढले. एकच प्रवचन आहे ते. पाचव्यात पापाला प्रवृत्त करणारा उजवा डोळा उपटून टाक म्हटलंय. सहाव्यात डोळा शरीराचा दिवा आहे. सातव्यात मुसळ आणि कुसळ. तिन्ही ठिकाणी प्रभू ऐकणाऱ्याला त्याच्याच डोळ्याकडं वळवतो. वासना आणि दोष काढणं ही आपण दोन वेगळी पापं म्हणून शिकवतो. मला वाटतं, दोन्हीत एकच गोष्ट घडते. समोरचा माणूस आपल्या लेखी माणूस राहत नाही. एकीकडं तो उपभोगाला असतो, दुसरीकडं चर्चेला.

आता विचारायचं ते विचारतो. नीतिसूत्रे ४:२३ मध्ये सगळ्यात जास्त अंतःकरण राखायला सांगितलंय. तुम्ही रोजच्या जगण्यात ते कसं राखता? आणि मंडळीत कुणी खरोखरच चुकत असेल तर 'दोष काढू नका' म्हणून गप्प बसायचं का?

सावगाव_रस्ता

वाचतोय. थेट बोला, गुळमुळीत नको.

निपाणीकर

टिळकवाडीकर, तुमची कळकळ पोचली. पण तुमचा दुसरा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

हल्ली कुणाला काही सांगायला गेलं की मत्तय ७:१, 'दोष काढू नका', तोंडावर फेकतात. त्याच अध्यायाचं पाचवं वचन कुणी वाचत नाही. आधी आपलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं तिथं आहे. म्हणजे कुसळ काढायचं आहेच. सहाव्या वचनात पवित्र वस्तू कुत्र्यांना घालू नका, मोती डुकरांपुढं टाकू नका म्हटलंय. पारख केल्याशिवाय ते कसं पाळणार? योहान ७:२४ मध्ये प्रभू यथार्थ न्याय करा असं सांगतो. बापाची बायको ठेवलेल्या माणसाला प्रेषित पौल करिंथच्या मंडळीतून बाहेर काढायला लावतो आणि विचारतो, जे आत आहेत त्यांचा न्याय तुम्ही करायचा नाही काय?

पेहरावाचं म्हणाल तर १ तीमथ्य २:९ आहेच की. मी तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलं. बायका आणि पुरुष एकाच छपराखाली कामाला. मर्यादा दोन्हीकडून लागते, हे माझं अनुभवाचं बोलणं आहे.

वडगावची_लेक

निपाणीकर काका, तुम्ही सांगितलेलं वचन पूर्ण वाचूया. १ तीमथ्य २:९ मध्ये केस गुंफणं, सोनं, मोती आणि भारी वस्त्रं यांची नावं आहेत. तिथं मोठेपणाचं प्रदर्शन नको असं सांगितलंय. लग्नात घातलेल्या सोन्यावरून आपल्या मंडळीत कधी सभा झाली नाही, मुलीच्या कुर्त्यावरून होते. आणि त्याच्या आधीचं आठवं वचन पुरुषांसाठी आहे. राग आणि वाद सोडून, पवित्र हात वर करून प्रार्थना करा. तेही त्याच आवाजात वाचलं जावं.

मी शहापुरात साडीच्या दुकानात कामाला आहे. लग्नसराईत दुकान बंद व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजतात. आमचे हे गेले तेव्हा मुलगी अंगणवाडीत होती. दुकानातले एक वयस्क सहकारी आमच्या वाटेवरच राहतात, ते मला स्कूटरवरून घरापर्यंत सोडायचे. तेवढं पुरलं. मी तेव्हा ज्या मंडळीत जात होते तिथं रविवारी माझ्या बाकावर दोन्हीकडची जागा रिकामी राहायला लागली. मुलगी विचारायची, आई, आपल्याजवळ कोण का बसत नाही? समोर येऊन एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की त्या वेळेला आमच्याकडं बस नसते आणि रिक्षाचं भाडं रोज परवडत नाही.

मग एका रविवारी पाळकबाईंनी पुढची आपली जागा सोडली. गीतपुस्तक आणि पिशवी घेऊन मागं आल्या, 'सरक की गं जरा' म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. मुलीला मांडीवर घेतलं. तिच्या रिबिनीची गाठ सुटली होती, ती उपदेश चालू असताना बांधून दिली. मला एक प्रश्न केला नाही. पुढच्या रविवारीही तिथंच बसल्या. हळूहळू बाक भरला.

काका, पारख करा म्हणता ते मान्य. पण पारख करायला जवळ बसावं लागतं.

कॅम्पातला

अक्का, वाचून गलबलून आलं. पाळकबाईंना माझा सलाम सांगा.

जुना_पाळक

वडगावच्या लेकी, प्रभू तुला आणि मुलीला आशीर्वाद देवो.

टिळकवाडीकरांनी वासना आणि दोष काढणं यांचं नातं विचारात घेतलंय, ते मला महत्त्वाचं वाटतं. पवित्र शास्त्रात दोन माणसं अशी आहेत की ज्यांच्यात ही दोन्ही एकत्र दिसतात.

पहिला यहूदा. उत्पत्ती ३८. तामारचा नवरा, म्हणजे थोरला मुलगा मेला, मग तिला दिलेला दुसराही मेला. तिसरा शेला मोठा झाला की तुला देईन, हा शब्द यहूदानं पाळला नाही. सून तामार विधवापणातच राहिली. पुढं एनाईमच्या वेशीजवळ तोंड झाकून बसलेली बाई बघून त्यानं ती वेश्या समजली आणि तिच्याकडं गेला. गहाण म्हणून मुद्रा, गोफ आणि काठी दिली. तीन एक महिन्यांनी कळलं की सून गरोदर आहे. यहूदाचा निकाल तत्काळ: बाहेर काढा आणि जाळून टाका. चौकशी नाही, साक्ष नाही. तिनं मुद्रा आणि काठी पाठवली तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे.

दुसरा दावीद. २ शमुवेल ११. राजे लढाईला जायच्या दिवसांत हा यरुशलेमात थांबला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला बाई दिसली. त्यानं चौकशी केली तेव्हा आलेलं उत्तर मी तरुणांना नेहमी मोठ्यानं वाचायला लावत असे: ही अलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको बथशेबा. तिचं नाव सांगितलं, बाप सांगितला, नवरा सांगितला. ती कुणी एक माणूस आहे हे राजाच्या कानावर घातलं गेलं होतं. त्यानंतर त्यानं माणसं पाठवली. पुढं उरीयाचा जीव गेला.

आणि बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दाविदाकडं येतो. गरिबाची एकुलती मेंढी श्रीमंतानं हिरावून घेतली, अशी गोष्ट सांगतो. दावीद भडकतो. हा मरणदंडाला पात्र आहे, चौपट भरून देऊ दे! नियमशास्त्राप्रमाणे मेंढीची भरपाई चौपट, निर्गम २२:१. म्हणजे दाविदाला कलमसुद्धा पाठ होतं. ज्या माणसाच्या हातावर उरीयाचं रक्त होतं त्याची न्यायबुद्धी दुसऱ्यासाठी अगदी शाबूत होती. माझा पाळकपणाचा अनुभव हाच आहे. आत जे झाकलेलं असतं, त्याच पापावर बाहेर जास्तीत जास्त आवाज चढतो. रोम २:१ नेमकं हेच सांगतं.

निपाणीकर, तुमचा मुद्दाही खरा आहे. नाथान गप्प बसला नाही. तो दाविदाच्या पाठीमागं दरबारात बोलला नाही, सरळ समोर गेला.

सावगाव_रस्ता

पाळक साहेब, एक विचारू? उजवा डोळा उपटून टाक हे कुणी खरंच शब्दशः घेतलं होतं का? आमच्या होस्टेलवर यावरून फार वाद झाला होता.

जुना_पाळक

डोळ्याचं सांगता येत नाही. पण अलेक्झांड्रियाच्या ओरिजेननं तरुणपणी मत्तय १९:१२ मधलं 'स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेतलेले' हे शब्दशः घेऊन स्वतःचं पुरुषत्व कापून टाकलं, असं इतिहासकार युसेबियसनं लिहून ठेवलंय. इ. स. ३२५ च्या नायकिया परिषदेचा अगदी पहिला नियम याच गोष्टीवर आहे. स्वतःच्या हातानं असं करून घेणाऱ्यानं याजकपदावर राहू नये. मंडळीनं तेव्हाच ठरवलं की सुरी चालवून हे सुटत नाही.

आणि डोळा एकच काढला तर डावा राहतोच की. आंधळ्या माणसालाही मन असतं. प्रभूला निर्णय किती कडक हवाय ते त्या वाक्यातून कळतं.

देसूर_स्टेशन

पहिल्या प्रश्नावर कुणीच बोलेना, म्हणून मी बोलतो. वय चोवीस, उद्यमबागेत कारखान्यात शिफ्टला आहे, खोली घेऊन राहतो. आमच्या वयाच्या पोरांना गच्ची लागत नाही. गच्ची खिशात असते.

मी काय करतो ते सांगतो. रात्री जेवण झालं की फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्जिंगला लावतो आणि खोलीत नेत नाही. सकाळच्या गजरासाठी खडेबाजारातून चावीचं घड्याळ आणलं. ऐकायला साधं वाटतं, पण मोह यायची वेळ ठरलेली असते: सेकंड शिफ्ट संपवून आल्यावर, अंग दुखत असताना, खोलीत एकटं असताना. त्या वेळेला मनाशी झगडत बसायचं नाही. योसेफ पोटीफराच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. पौलही जारकर्मापासून पळा असंच म्हणतो. मला पळायला दार लागतं, म्हणून ते आधी उघडं करून ठेवतो.

दुसरं, एक मित्र आहे. आठवड्यातून एकदा आम्ही चहाला भेटतो आणि तो विचारतो, कसं चाललंय? मी खरं सांगतो. तो ऐकून घेतो, मग आम्ही दोघं प्रार्थना करतो. त्यानं आजवर ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. तो असा आहे म्हणून मला सांगता येतं. ज्या मंडळीत बातमी फुटते तिथं कुणी पाप कबूल करायला धजत नाही, आणि मग सगळे आपापल्या खोलीत एकटे पडतात. टिळकवाडीकर, तुमच्या संघात हेच झालंय. चर्चेत ज्या पोरांचा आवाज मोठा होता, त्यांच्यातला कुणी उद्या अडचणीत आला तर कुणाकडं जाईल?

तिसरं पाळकांनी दाविदाबद्दल लिहिलंय त्यावरून. स्क्रीनवरच्या मुलीचं नाव आपल्याला माहीत नसतं. पण तिला नाव आहे, आई आहे. तिच्यावर जबरदस्ती झालेली असू शकते. हे मनात आलं की मी तिच्यासाठी देवाकडं दोन शब्द बोलतो. जिच्यासाठी प्रार्थना केली तिच्याकडं मग तसं बघवत नाही.

खानापूरची_सून

देसूर दादा, फार प्रामाणिक लिहिलंत.

मी कॅथलिक घरातली. माहेर नंदगडकडचं, सासर खानापूर. आमच्याकडं एक गोष्ट लहानपणापासून शिकवतात, ती इथं उपयोगी पडेल. विचार मनात येणं आणि त्याला संमती देणं यात फरक आहे. याकोब १:१४-१५ मध्ये क्रम दिलाय: इच्छा ओढते, भुलवते, मग ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते. मोह आला एवढ्यानंच आपण घाण झालो असं समजून कितीतरी मुलं मिस्सेला येणंच सोडतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की बाळा, दारात उभं राहिलेलं प्रत्येक जण घरात आलेलं नसतं.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून शरीर आणि प्रीती यावर लांबलचक शिकवण दिली. त्यातल्या ८ ऑक्टोबर १९८० च्या सभेत ते म्हणाले की नवरासुद्धा आपल्या बायकोकडं नुसती भूक भागवायची सोय म्हणून बघत असेल तर तोही मनात हेच पाप करतो. तेव्हा जगभर गहजब झाला होता. मी लग्नानंतर हे वाचलं आणि मला वाटलं, कुणीतरी आमच्या बाजूनं बोललं. आपण शुद्धतेची शिकवण अविवाहित पोरांना देतो आणि लग्न लागलं की वही बंद करतो. घरात चार भिंतींच्या आत बाईचं मन विचारात घेणं हाही त्याच वचनाचा भाग आहे.

आणखी एक. पापनिवेदनाला गेल्यावर सवयीनं माणूस सुरू करतो, फादर, सासूबाई अशा वागल्या म्हणून मी चिडले, जावेनं असं केलं म्हणून मी बोलले. आमचे एक वयस्क फादर मध्येच थांबवायचे. शांतपणे म्हणायचे, 'त्यांचं त्या सांगतील. तुमचं सांगा.' त्या एका जागेवर दुसऱ्याच्या पापाला प्रवेशच नाही. आठवड्यातला तेवढा वेळ जरी जिभेला हे वळण लागलं तरी पुष्कळ.

निपाणीकर

ताई, तुमच्या फादरांचं वाक्य आवडलं. नवऱ्याबद्दल लिहिलंत त्यावर विचार करायला लागेल. आमच्या पिढीला हे कुणी सांगितलं नाही.

शहापूरचा_शेजारी

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. शेजारी एक मेथडिस्ट कुटुंब आहे, त्यांच्या पोरानं हा धागा दाखवला. दोन शब्द लिहिले तर चालेल ना?

आमच्याकडं माळ घालताना परद्रव्य, परनारी आणि परनिंदा ही तिन्ही एका दमात सोडायला सांगतात. तुकोबांनी परस्त्री रखुमाईसारखी मानली हे तर पोराटोरांना ठाऊक आहे. पण परनारी आणि परनिंदा शेजारी शेजारी का ठेवली असतील, याचा मी आजवर विचार केला नव्हता. तुमची चर्चा वाचून लक्षात आलं. दोन्हीकडं जे आपलं नाही त्यावर हात टाकणं आहे. दुसऱ्याची बायको आणि दुसऱ्याची अब्रू.

आमच्या दिंडीतही निंदेचं व्रत मोडतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. परनारीचं मोडलं तर गाव गोळा होतो.

निपाणीकर

माउली, चालेल म्हणजे काय, या की! आमच्या वखारीत निम्मे माळकरी होते. एकादशीला त्यांच्याबरोबर साबूदाणा आणि नाताळाला त्यांना करंज्या, असं वर्षानुवर्षं चाललं. दुसऱ्याची अब्रू म्हणालात ते मनाला लागलं.

कॅम्पातला

विषयाला सोडून थोडं. वर बाकांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. बेळगावात लंडन मिशननं १८२० मध्ये काम सुरू केलं आणि १९०४ च्या सुमारास ते मेथडिस्टांकडं आलं. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका बसत. कुणी कुणाकडं बघू नये म्हणून. ती पद्धत कधीच गेली. आजोबांचं म्हणणं असं की बघायची इच्छा असलेला माणूस मान वळवून बघायचाच, आणि कोण वळून बघतंय हे मोजणारे त्याच्याही वरचढ असायचे.

सावगाव_रस्ता

माझी आजीपण हेच सांगायची. कन्नड उपासनेत वेगळं आणि मराठी उपासनेत वेगळं बसायचे म्हणे. इतिहासाचा वेगळा धागा काढा की, मी फोटो टाकतो.

घटप्रभा_नर्स

धागा चांगला चाललाय, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

'दोष काढू नका' हे वचन मी सगळ्यात वाईट ठिकाणी ऐकलंय. हात लावणाऱ्या माणसाला वाचवण्यासाठी. मुलगी रडत सांगतेय आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, न्याय करणारा देव आहे, तू क्षमा कर, मंडळीचं नाव जाईल. हा प्रभूच्या शब्दांचा गैरवापर आहे. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, हे मत्तय १८:६ त्याच प्रभूचं आहे.

कायदाही माहीत असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक, शिक्षक, नर्स, काका, कुणीही असो. आधी मंडळीच्या पंचांकडं न्यायचं, मग बघू, असं चालत नाही. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८.

स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघायला ही वेळ नाही. आधी मुलीला सुरक्षित जागी न्या.

वडगावची_लेक

सिस्टर, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्या महिला मंडळात वाचून दाखवते.

जुना_पाळक

नर्सताईंनी फार आवश्यक ते सांगितलं. गुन्हा तो गुन्हा, तिथं पोलीस. त्यात दुसरं मत नको.

बाकी रोजच्या चुकांबद्दल टिळकवाडीकरांनी विचारलं होतं, गप्प बसायचं का? नाही. मत्तय १८:१५ मध्ये पायऱ्या आहेत. तुझा भाऊ चुकला तर आधी तू आणि तो, दोघंच असताना बोल. नाही ऐकलं तर एक-दोघांना घे. मंडळी शेवटी. आपल्याकडं मंडळी आधी, एक-दोघं नंतर, आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याला सगळ्यात शेवटी कळतं. गलती ६:१ मध्ये पौल म्हणतो, सौम्यतेनं त्याला ताळ्यावर आणा आणि तुम्हीही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष द्या. एकाच वचनात दोन्ही राखणी आल्या.

मी नव्या पंचांना एक नियम घालून देत असे. ज्या माणसाबद्दल तक्रार आणली, त्याच्यासाठी तुम्ही घरी किती प्रार्थना केली ते आधी सांगा. बऱ्याच तक्रारी तिथंच परत जायच्या. ज्या राहायच्या त्या ऐकण्यासारख्या असायच्या.

खानापूरची_सून

यावरून मिसरच्या वाळवंटातल्या मठवासी मोशेची आठवण झाली. चौथ्या शतकातला, मूळचा इथिओपियाचा, आधीच्या आयुष्यात दरोडेखोर. एका संन्याशाच्या चुकीचा निवाडा करायला सगळे जमले आणि याला बोलावलं. हा गळकं भांडं पाण्यानं भरून बरोबर घेऊन गेला. हे काय म्हणून विचारल्यावर म्हणाला, माझी पापं माझ्या मागं गळतायत, मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्यांनी त्या भावाला क्षमा केली.

सावगाव_रस्ता

योहान ८ मधली व्यभिचारात धरलेली बाई अजून कशी कुणी काढली नाही? आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं की सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तो भाग नाहीच.

जुना_पाळक

खरं आहे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत तो नाही, आणि आपल्या बायबलातही तो कंसात किंवा टिपेसह छापतात. तरी मंडळीनं तो जपून ठेवला, कारण 'तुमच्यात जो निष्पाप असेल त्यानं आधी धोंडा मारावा' असं बोलणारा प्रभूच आहे हे ओळखू येतं. लेवीय २०:१० प्रमाणे दोघांनाही शिक्षा होती. धोंडे घेऊन आलेल्यांनी फक्त बाईला आणलं. आणि निघून जाताना वयानं मोठे आधी गेले, हे तिथं मुद्दाम लिहिलंय.

वडगावची_लेक

मला त्यापेक्षा लूक ७ जवळचा वाटतो. शिमोन नावाच्या परूश्याच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाच्या घरी जेवण चाललंय. पापी म्हणून गावात माहीत असलेली बाई येते, प्रभूचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते. शिमोन मनातल्या मनात म्हणतो, हा संदेष्टा असता तर ही कोण आणि कसली बाई आहे हे याला कळलं असतं. तेव्हा प्रभू तिच्याकडं वळून शिमोनाला विचारतो, ही बाई तुला दिसते ना?

ती पूर्ण वेळ त्याच्यासमोर होती. शिमोनाला पापी दिसत होती. गावातल्या कितीतरी पुरुषांना त्याआधी तिचं फक्त शरीर दिसलं असणार. प्रभू तिनं काय काय केलं ते एकेक करून सांगतो: पाण्याऐवजी आसवं, टॉवेलाऐवजी केस, मुका, सुगंधी तेल. तिच्याकडं नीट बघितलेला त्या घरात तो एकटा.

टिळकवाडीकर, तुमच्या संघात पुढच्या वेळी मत्तय ५ नंतर हे वाचा.

टिळकवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळी उत्तरं वाचली, काही वहीत उतरवून घेतली.

काय ठरवलंय ते लिहितो. उठून गेलेल्या दोन्ही मुलींच्या घरी मी आणि संघाची सेक्रेटरी जाऊन येतोय. 'परत या' म्हणायच्या आधी त्यांचं ऐकून घेणार. पुढच्या सभेत मुलगे आणि मुली वेगळ्या खोल्यांत बसतील, म्हणजे मुलग्यांना स्वतःबद्दल बोलता येईल. एकच नियम, खानापूरच्या ताईंच्या फादरांचा: तुमचं सांगा. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं की तिथंच थांबवायचं. आणि तिथं ऐकलेलं तिथंच राहील. शेवटी दोन्ही गट एकत्र येऊन लूक ७ वाचतील.

देसूर दादा, तुम्ही येऊन पंधरा मिनिटं बोलाल का? ओट्यावरच्या फोनचं ऐकून पोरं विचारात पडतील.

देसूर_स्टेशन

येतो. फर्स्ट शिफ्ट असलेला आठवडा बघून सांगतो. मित्रालाही घेऊन येतो, त्यानं बोललेलं जास्त उपयोगी पडेल, ऐकून घेणारा तोच आहे.

घटप्रभा_नर्स

मुलींच्या खोलीत मी बसू का? १०९८ चा आणि पोक्सोचा भाग मी सांगते. मुलग्यांनाही तोच सांगा, त्यांच्यावरही अत्याचार होतात आणि ते बोलत नाहीत.

निपाणीकर

पेहरावाबद्दलचं माझं मत तेच आहे. मर्यादा दोन्हीकडून. पण ती माझ्या तोंडून तुमच्या सभेत सांगितली जाऊ नये, हे मला पटलंय. आपल्या घरातल्या नातीला आजोबा म्हणून जवळ बसवून सांगेन, आणि ती काय म्हणते तेही ऐकेन.

सभेला चिकोडीकडची कन्नड मंडळीची पोरं बोलावणार असाल तर लूक ७ दोन्ही भाषांत वाचा. माझ्याकडं कन्नड बायबलच्या जादा प्रती आहेत, बसनं पाठवून देतो. कुठल्या स्टँडवर कुणी उतरवून घेईल तेवढं कळवा.

टिळकवाडीकर

काका, मध्यवर्ती बसस्थानकावर मी स्वतः येतो. बस कितीची ते सांगा.